चित्रीकरण संपलं, आता ऐकायची वेळ

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आज आम्ही फिल्म दाखवणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण फिल्म अजून झालेलीच नाही. आमच्याकडे आत्ता आहेत तीन हार्ड डिस्क, दोन वह्या आणि भिंतीवर चिकटवलेली सव्वाशे कार्डं. आयोजकांनी आम्हाला विचारलं, ‘विद्यार्थ्यांनी माहितीपट कसा करावा यावर बोलाल का?’ आम्ही म्हटलं, सगळ्यावर नको. चित्रीकरण संपल्यापासून संकलन सुरू होईपर्यंतचा जो मधला काळ असतो, त्याबद्दल बोलतो. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आणि आमची फिल्म खोटी व्हायची वाचली, ती याच काळात.

आम्ही चौघं. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून २५ मिनिटांचा माहितीपट करतोय. विषय पुण्यातली तांबट आळी. नऊ दिवस चित्रीकरण केलं. नवव्या दिवशी संध्याकाळी ‘पॅकअप’ म्हणून ओरडलो, मिसळ खाल्ली, आणि त्या रात्री आमच्यातल्या प्रत्येकाने घरी जाऊन सांगितलं, ‘झाली आमची फिल्म.’

झाली नव्हती. २६ तासांचं फुटेज झालं होतं. २६ तास म्हणजे १५६० मिनिटं, आणि त्यातून काढायची आहेत २५. म्हणजे दर ६२ मिनिटांतलं एक मिनिट राहणार. कुठलं राहणार आणि का, हे ठरवायच्या आधी काय काय करावं लागतं, ते आता क्रमाने सांगतो.

तांबट आळी थोडक्यात

पुण्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी दोन शब्द. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले तांबट इथे वसले, असं आळीतली घरं सांगतात. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या ही इथली कामं. पुढे आंघोळीच्या पाण्याला गीझर आला, स्वयंपाकघरात स्टील आलं, आणि बंब-घंगाळं माळ्यावर गेली. तरी आळी अजून वाजते. वाजते हा शब्द मुद्दाम वापरतोय. तांब्याचा पत्रा तापवला की मऊ होतो आणि ठोकला की कडक होतो. भांड्याला आकार दिल्यावर त्याच्या सगळ्या अंगावर हातोडीने शेजारी शेजारी ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने भांड्याला बळकटी येते, आणि ते चमकणारे खळगेही तिथूनच येतात. एका भांड्याला हजारो ठोके. चार दुकानं एकदम सुरू असली की आळीत शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं.

हा आवाज लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

आमच्या फिल्ममध्ये मुख्यतः एक कारागीर आहेत. त्यांना आम्ही काका म्हणतो, इथेही तसंच म्हणू. पन्नासहून अधिक वर्षं ते मठारकाम करतायत.

पहिलं काम : जे आहे ते हरवू न देणं

चित्रीकरण संपल्यावर पहिल्या रात्री काय करायचं? झोपायचं नाही. नकला करायच्या.

रॉबर्ट फ्लाहर्टींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा त्यांचा १९२२चा माहितीपट. पण ती त्यांची दुसरी खेप होती. आधी कॅनडाच्या उत्तरेत इन्युइट लोकांमध्ये राहून त्यांनी बरंच चित्रीकरण केलं होतं. १९१६ साली टोरांटोमध्ये त्यावर काम करताना त्यांच्या सिगारेटने पेट घेतला आणि सुमारे ३० हजार फूट निगेटिव्ह जळून गेली. त्या काळची नायट्रेटची फिल्म अशीच भडकायची. फ्लाहर्टी पुन्हा गेले आणि नव्याने चित्रीकरण केलं. ते पुन्हा जाऊ शकले. आपल्याकडे वापरलेला कॅमेरा कॉलेजचा असतो आणि तो सोमवारी दुसऱ्या गटाला द्यायचा असतो.

तेव्हा नियम साधा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. आमच्या दोन प्रती हार्ड डिस्कवर, एक कॉलेजच्या सर्व्हरवर. तिसरी डिस्क आहे ती कामाची, तिच्यावर आपण संकलन करणार, म्हणजे तिच्यावर विसंबायचंच नाही. नुसतं कॉपी करून भागत नाही. कॉपी झालेली फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का, हे तपासणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात, ती वापरा. आणि तपासणी होईपर्यंत मेमरी कार्ड कुणालाही पुसू देऊ नका. आम्ही कार्डांच्या डब्यावर लाल टेप लावून ठेवली होती. टेप काढायचा अधिकार एकाच व्यक्तीला.

जागेचा हिशेब आधी करा. आमचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो. तासाला झाले ४५ जीबी. २६ तासांचे जवळजवळ १२०० जीबी. तीन प्रती म्हटल्यावर हा आकडा तिप्पट होतो, आणि तो विद्यार्थ्यांच्या खिशाला लागतो. आमच्या बजेटमध्ये मिसळीला पैसे होते, हार्ड डिस्कला नव्हते. (हशा)

दुसरं काम : जुळवाजुळव

आता थोडं तांत्रिक, पण पटकन उरकतो.

आपल्या साध्या लॅपटॉपवर मूळ फाइली अडखळत चालतात. म्हणून प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल करायची. त्याला प्रॉक्सी म्हणतात. आमच्या प्रॉक्सी मूळच्या दहाव्या हिश्शाच्या आहेत. संकलन प्रॉक्सीवर करायचं आणि शेवटी मूळ फाइली जोडायच्या. त्यासाठी एकच पथ्य : फाइलीचं नाव मध्येच बदलायचं नाही. नावं द्यायची ती पहिल्याच दिवशी. दिवस, कॅमेरा, क्रमांक. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘काकांचं छान’ अशी नावं ठेवाल तर पंधरा दिवसांनी रडाल.

मग चित्र आणि आवाज जुळवणं. आमचा चांगला आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर होता. काकांच्या सदऱ्याला कॉलर माइक आणि हातात धरलेला एक बूम. सुरुवातीचे दोन दिवस आम्ही शॉटच्या आधी टाळी वाजवली नाही. म्हटलं, सॉफ्टवेअर आवाजाच्या लाटा बघून आपोआप जुळवतं की. एरवी जुळवतंही. पण तांबट आळीत लाटा कशा दिसतात? ठोका, ठोका, ठोका. सगळे सारखे. सॉफ्टवेअरने एक ठोका पुढे जुळवलं. टाइमलाइनवर बघतो तर हातोडी अगदी बरोबर पडतेय आणि काकांचे ओठ भलतंच बोलतायत! दोन दिवसांचं सगळं हाताने जुळवावं लागलं. एक टाळी वाजवायला एक सेकंद लागतो. ती न वाजवल्याचे आम्ही चार दिवस फेडले.

अजून एक. काही शॉट आम्ही मोबाइलवर घेतले होते. मोबाइल अनेकदा एकसारख्या वेगाने फ्रेम टिपत नाही, उजेडाप्रमाणे आणि गरजेप्रमाणे वेग थोडा बदलत राहतो. त्यामुळे सुरुवातीला जुळलेला आवाज दहा मिनिटांनी सुटतो. असे शॉट आधीच ठराविक वेगाच्या फाइलीत बदलून घ्या. आमचा वेग सेकंदाला २५ फ्रेम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या वेगाला दिवे सहसा लुकलुकत नाहीत.

आणि एक गंमत. समोरच्या गच्चीवरून घेतलेल्या शॉटमध्ये हातोडी आधी पडते आणि आवाज किंचित उशिरा येतो. आम्हाला वाटलं, पुन्हा जुळवणी चुकली. चुकली नव्हती. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. २५ फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेममध्ये साडेतेरा मीटर. तेवढ्या अंतरावर कॅमेरा असला की आवाज एक फ्रेम मागे पडणारच.

तिसरं काम : नोंदवही

इथून खरं काम सुरू होतं. सगळं फुटेज बघायचं. सगळं म्हणजे सगळं. चौघांनी वाटून नाही, चौघांनी एकत्र. २६ तास बघायला आम्हाला आठ दिवस लागले, कारण थांबून लिहायचं होतं.

झिगा व्हर्टोव्ह यांची ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ ही १९२९ची फिल्म बघा. त्यात मध्येच फिल्म थांबते आणि संकलन करणारी बाई दिसते. त्या येलिझावेता स्विलोव्हा, याच फिल्मच्या संकलक. त्यांच्यामागे फळ्यांवर फिल्मच्या गुंडाळ्या विषयवार लावून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक तुकड्याला जागा आहे आणि चिठ्ठी आहे. कात्री नंतर. आपली नोंदवही म्हणजे त्या फळ्याच.

नोंदवहीत काय लिहायचं? क्लिपचं नाव, वेळ, काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि शेरा. शेऱ्यात ‘छान’ लिहू नका. आम्ही पहिल्या दिवशी ४० ठिकाणी ‘छान’ लिहिलं, आणि आठवड्याने एकही आठवेना. ‘काका पत्रा उजेडात धरून बघतात, चेहऱ्यावर त्याचं प्रतिबिंब पडतं’ असं लिहिलं तर तो शॉट सापडतो.

‘काय दिसतं’ आणि ‘काय ऐकू येतं’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. हा सल्ला आम्हाला आमच्या मॅडमनी दिला होता. तेव्हा आम्ही मनात म्हटलं, उगाच काम वाढवतायत. पण आमची फिल्म वाचली ती त्या दुसऱ्या रकान्यामुळे.

चौथं काम : बोलणं उतरवून काढणं

आमच्याकडे सात तासांच्या मुलाखती होत्या. त्यातला शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा. एक तासाची मुलाखत उतरवायला साधारण सहा तास लागतात. म्हणजे ४२ तास, चौघांत वाटले. खोकला, थांबणं, मागून आलेली हाक, सगळं लिहायचं.

आता एका शॉटबद्दल सांगतो. चित्रीकरणाचा सहावा दिवस, सकाळचे अकरा. काका ठोके देतायत. आमच्यातल्या एकाने कॅमेऱ्यामागून विचारलं, ‘काका, तुमच्या मुलाने हे काम पुढे चालवावं असं तुम्हाला वाटतं का?’ काकांनी ठोके थांबवले. मान बाजूला वळवली. दोन-तीन क्षण गेले. मग म्हणाले, ‘नको. पुरे झालं आता.’ आणि हातोडी खाली ठेवली.

मंडळी, त्या वेळी आमच्या अंगावर काटा आला होता. शॉट संपल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांना कळलं होतं की फिल्मचा शेवट मिळाला. त्या संध्याकाळी लिहिलेल्या आराखड्यात शेवटच्या ओळीवर हेच आहे : ‘नको. पुरे झालं आता.’ हातोडी खाली. काळा पडदा. पाटी.

हीच मुलाखत उतरवून काढताना आमच्यातली एक मैत्रीण रात्री दीडला हेडफोन लावून बसली होती. ती कॅमेऱ्याचा आवाज ऐकत नव्हती, काकांच्या सदऱ्यावरच्या माइकचा ऐकत होती. तिने ग्रुपवर मेसेज टाकला : ‘उद्या सकाळी लवकर या. त्या शॉटमध्ये अजून कोणीतरी बोलतंय.’

सकाळी आम्ही चौघांनी तो तुकडा सहा वेळा ऐकला. आमचा प्रश्न संपतो. शेजारच्या दुकानात ठोके चालू. आणि त्या ठोक्यांच्या मधून, अगदी हळू, बाजूने काकूंचा आवाज : ‘अजून ओतू का?’

काकू चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. आमच्या चौकटीच्या बाहेर. काकांनी मान वळवली ती त्यांच्याकडे. ‘नको. पुरे झालं आता’ हे चहाबद्दल होतं.

(थोडा वेळ शांतता)

तुम्हाला हसू आलं तर हसा. आम्हीही हसलो. पण नंतर हसू आवरलं, कारण पुढचा प्रश्न होता : मग आमच्या प्रश्नाचं काय झालं? काकांनी त्याचं उत्तर का दिलं नाही? काकूंचं हळू बोलणं कळलं आणि आमचं ओरडून विचारलेलं कळलं नाही, असं कसं?

आम्ही नोंदवहीचा तो दुसरा रकाना काढला आणि सगळे प्रश्न पुन्हा तपासले. कॅमेऱ्यामागून विचारलेले प्रश्न, आणि तेव्हा आसपास ठोके चालू होते की नव्हते. चित्र स्पष्ट झालं. दुपारी जेवणाच्या वेळी, आळी शांत असताना, समोर बसून विचारलेल्या प्रश्नांना काकांची उत्तरं नेमकी होती. ठोके चालू असताना कॅमेऱ्यामागून विचारलं की उत्तर दुसरीकडेच जायचं. धंद्याबद्दल विचारलं तर पत्र्याच्या जाडीबद्दल सांगायचे. आणि आम्ही चित्रीकरणाच्या डायरीत अशा जागी काय लिहिलं होतं माहितीये? ‘विषय टाळतात.’ तीन ठिकाणी.

ते टाळत नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हतं.

वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी मरतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज धोक्याचा मानतात. आधी जातात ते उंच स्वर. बोलण्यात ते कुठे असतात? स, श, फ अशा वर्णांत. म्हणून अशा माणसाला कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, पण काय बोलतंय ते उलगडत नाही. गोंगाटात तर नाहीच. मग माणूस चेहरा वाचतो, हात बघतो, अंदाजाने उत्तर देतो. काकूंच्या हातात किटली होती, ती त्यांना दिसली. आमचा चेहरा कॅमेऱ्यामागे होता.

नऊ दिवस आम्ही त्या माणसाच्या हातांचे सुंदर शॉट घेत होतो. त्याच ठोक्यांनी त्याच्या कानांचं काय केलं, हे आम्हाला तिथे बसून कळलं नाही. कळलं ते कागदावर उतरवताना.

हा शॉट वापरला असता तर?

संकलनाची ताकद कशात आहे हे आपण वर्गात शिकतो. एक शॉट दुसऱ्या शॉटला जोडला की तिसराच अर्थ तयार होतो. पण आमच्या बाबतीत जोडायचीही गरज नव्हती. एकच सलग शॉट, कुठेही कट नाही, प्रश्नामागोमाग उत्तर. पुरावा म्हणून कुणालाही दाखवता आला असता. आणि तरी खोटा. म्हणून आम्ही आता म्हणतो की फुटेज खरं असतं हा भ्रम आहे. त्यात काय चाललंय ते आपल्याला नीट कळलंय का, हे तपासावं लागतं.

आणि एक कबुली. आम्हाला तो शॉट इतका पटकन खरा का वाटला? कारण आम्हाला तेच उत्तर हवं होतं. चित्रीकरणाला जायच्या आधी आम्ही अर्जात लिहून दिलं होतं : ‘मरणासन्न कला, पुढची पिढी या व्यवसायात यायला तयार नाही.’ काकांनी आमचं वाक्य बोलून दाखवलं असं आम्हाला वाटलं.

पुढे काय करायचं यावर आमच्यात भांडण झालं. एक जण म्हणाला, शॉट ठेवूया, आवाज तर खरा आहे. दोघं म्हणाले, काढून टाकूया आणि गप्प बसूया. शेवटी ठरलं की काकांकडे जायचं.

१९६१ साली झां रूश आणि एदगार मोराँ यांनी पॅरिसमध्ये ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ केली. त्यात शेवटाकडे त्यांनी ज्यांचं चित्रीकरण केलं त्याच माणसांना फुटेज दाखवलं, आणि त्यावरचं त्यांचं बोलणं, वादसुद्धा, फिल्ममध्ये घेतलं. फ्लाहर्टीही नानूकच्या वेळी चित्रित केलेलं तिथल्या लोकांना दाखवत असत. म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही. सोय नाही म्हणून आपण ती टाळतो, इतकंच.

आम्ही दुपारी जेवणाच्या वेळी गेलो. लॅपटॉप समोर ठेवला, काकांना हेडफोन दिला, आवाज पुरेसा मोठा केला. शॉट बघून काका म्हणाले, ‘हे तर चहाचं!’ काकूही हसल्या. मग समोर बसून, सावकाश, तोच प्रश्न पुन्हा विचारला. काका म्हणाले, ‘त्याचं मी काय सांगू? तो मागे बसलाय, त्याला विचारा ना.’

आणि खरंच, मुलगा मागे बसला होता. पत्रा कापत होता. आम्ही परत येऊन नोंदवही उघडली. २६ तासांत तो १४ शॉटमध्ये आहे. कुठे पाठ, कुठे खांदा, कुठे नुसता हात. एकाही शॉटमध्ये आम्ही त्याच्यावर कॅमेरा नेला नव्हता. पुढची पिढी नाही असं आम्ही लिहून बसलो होतो, मग ती दिसणार कशी?

त्याच्यासाठी आम्ही अजून एक दिवस चित्रीकरण केलं. दहावा दिवस, दोन तास. त्याचं म्हणणं असं की तो सकाळी दुकानात असतो, दुपारनंतर दुसरी नोकरी करतो. हॉटेलवाल्यांच्या ऑर्डरी फोनवर तोच घेतो. पण मठारकामाबद्दल म्हणाला, ‘बाबांसारखा हात नाही माझा. आणि खरं सांगू का, मी कानात बोळे घालून बसतो. बाबांना ते आवडत नाही. ठोका बरोबर पडला की नाही ते कानाने कळतं म्हणतात.’

आता सांगा, हे आम्ही आराखड्यात लिहू शकलो असतो का?

काकांना अजून एक विचारायचं होतं. ऐकू कमी येतं हे फिल्ममध्ये आलं तर चालेल का? काका म्हणाले, ‘आळीत सगळ्यांनाच कमी येतं, त्यात दाखवायचं काय?’ मग थोड्या वेळाने : ‘दाखवा. पण मी बहिरा आहे असं लिहू नका.’ आम्ही हे तारखेसकट वहीत लिहून ठेवलंय. संमतीपत्रावर सही चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशीच घेतली होती. पण पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं की फिल्म कशाबद्दल होणार आहे. तेव्हा संकलनाच्या आधी संमती पुन्हा विचारा. कागदाला ती गरज नसेल, माणसाला असते.

पाचवं काम : कागदावरचं संकलन

आता भिंतीवरची कार्डं. प्रत्येक प्रसंगाला एक कार्ड, प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याला एक. ती हलवून बघायची. संगणकावर कट करायला बसलात की प्रत्येक कट गोड वाटायला लागतो आणि तो मोडवत नाही. कार्ड मात्र सहज हलतं.

फ्रेडरिक वाइझमन यांच्या फिल्म्समध्ये मुलाखत नसते, निवेदन नसतं. पटकथा आधी लिहिलेली नसायची. फिल्मचा आकार त्यांना संकलनातच सापडायचा, आणि संकलन ते स्वतः करायचे. आपल्याकडे आनंद पटवर्धनांची ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ची. तिचं चित्रीकरण १४ वर्षं चाललं होतं. इतक्या काळाचं फुटेज घेऊन बसल्यावर पहिल्या दिवशीचा आराखडा किती कामाला येणार? आम्ही त्यांच्या रांगेत नाही, पण पद्धत शिकायला हरकत नाही.

आमच्या कार्डांत सध्या तीन रंग आहेत. हात, कान आणि मुलगा. पहिल्या आराखड्यात फक्त हात होते.

आवाजाचं एक काम मात्र आधीच करून ठेवा. मुलाखत ठोक्यांच्या मध्ये झाली असेल तर वाक्याचा तुकडा काढल्यावर मागचा ठोक्यांचा ठेका तुटतो. ठक ठक ठक, आणि मध्येच लंगडा ठोका. प्रेक्षकाला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी कापलंय हे त्याला कळतं. म्हणून जागा सोडायच्या आधी नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा. आम्ही दहाव्या दिवशी दोन केले : पाच मिनिटं आळी चालू असताना, आणि एक मिनिट जेवणाच्या सुट्टीत, ठोके थांबलेले असताना. ही एक मिनिटाची शांतता आम्हाला पहिल्या नऊ दिवसांत सुचली नव्हती. आता ती आमच्या सगळ्यात मौल्यवान फाइलींपैकी एक आहे. काकांना आमचे प्रश्न नीट ऐकू आले, ते त्याच वेळात.

सोमवारपासून संकलनाला बसतोय. शेवट अजून सापडलेला नाही.



प्रश्नोत्तरं (निवडक)

प्रश्न : आमच्याकडे एकच मोबाइल आणि एकच हार्ड डिस्क आहे. आम्ही काय करायचं?

कमी चित्रीकरण करा. खरंच. दिवसाला दोन तास घ्या, त्याच रात्री उतरवून बघा, नोंद करा, आणि दुसरी प्रत मित्राच्या संगणकावर ठेवा. आम्हीही रोज रात्री बघितलं असतं तर चहाचा घोटाळा सहाव्या दिवशीच कळला असता. आणि मोबाइलवर करणार असाल तर काही झालं तरी एक साधा कॉलर माइक घ्या. कॅमेरा नंतर.

प्रश्न : बोलणं उतरवून देणारी सॉफ्टवेअर आता मराठीतही आहेत. ४२ तास का घालवले?

पहिला कच्चा मसुदा आम्ही काही भागांचा त्यावरच केला. वेळ वाचतो, वापरावं. पण ज्या जागी दोन माणसं एकदम बोलतात किंवा मागे गोंगाट आहे, तिथे ते एक तर गाळतं, नाही तर मनाचं लिहितं. आमच्या त्या शॉटमध्ये त्याने प्रश्न लिहिला, उत्तर लिहिलं, आणि काकूंचं वाक्य गाळलं. म्हणजे आम्ही केलेलीच चूक त्याने केली.

प्रश्न : तुम्ही तो शॉट शेवटी ठेवला असता तर कुणाला कळलं असतं का?

काकूंना कळलं असतं. मुलाला कदाचित. पण काकांचं बघा. आपल्या सभागृहात, गर्दीत, स्पीकरच्या आवाजात त्यांना आमचा प्रश्न ऐकू आला नसता. त्यांना दिसलं असतं की आपण चहाला नको म्हणतोय. आणि आजूबाजूला लोक टाळ्या का वाजवतायत, हे त्यांना समजलं नसतं.